प्रोटॉनचं वजन येतं कुठून? (लॅटिस क्यूसीडी, घरच्या संगणकावरचा प्रयोग आणि काही प्रश्न)

सांदीकोपरा

बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं : प्रोटॉन म्हणजे तीन क्वार्क, दोन अप आणि एक डाऊन. पुढे एम.एस्सी.ला आकडे हाती आले तेव्हा बेरीज करून पाहिली. अप क्वार्कचं वस्तुमान सुमारे २.२ एमईव्ही (कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या या एककात मोजतात), डाऊनचं ४.७. तिघांचं मिळून ९ च्या आसपास. आणि प्रोटॉनचं ९३८. म्हणजे जेमतेम एक टक्का हिशेब लागला. आपलं शरीर, हे टेबल, सह्याद्री, सगळ्याचं वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनचं. ते नव्याण्णव टक्के कुठून आले, हे मला स्वतःच्या हातांनी बघायचं होतं.

उत्तर एका ओळीत सगळीकडे मिळतं : क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाच्या ऊर्जेतून. या बलाचा सिद्धांत म्हणजे क्यूसीडी. पण ते मोजायचं कसं? विद्युतचुंबकीय बलाचं गणित कागदावर जमतं, कारण त्याची जोडणी दुबळी आहे, १३७ व्या हिश्शाएवढी. पहिली पायरी, दुसरी, तिसरी असं करत गेलं की प्रत्येक पुढची दुरुस्ती लहान होत जाते. प्रबळ बलात फार मोठ्या ऊर्जेला हेच चालतं. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी दाखवलं की क्वार्क एकमेकांच्या अगदी जवळ असले की बल मवाळ होतं. प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर मात्र प्रत्येक दुरुस्ती मागच्या पायरीइतकीच मोठी निघते. तिथे कागद-पेन थांबतं.

१९७४ मध्ये कॉर्नेलच्या केनेथ विल्सन यांनी वेगळीच वाट काढली. मला ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी वाटते. अवकाश आणि काळ सलग न धरता ठिपक्यांची चौमिती जाळी, म्हणजे लॅटिस, मांडायची. क्वार्क ठिपक्यांवर. ग्लुऑनचं (प्रबळ बल वाहणाऱ्या कणांचं) क्षेत्र दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघांवर, प्रत्येक रेघेवर ३ × ३ चा एक मॅट्रिक्स. सर्वांत लहान चौकटीभोवती चार रेघांचे मॅट्रिक्स गुणत गेलं की तिथे क्षेत्र किती पिळलंय ते कळतं. सगळ्या चौकटींची बेरीज म्हणजे सिद्धांत. मग काळाची दिशा गणितात काल्पनिक करायची. तसं केलं की क्वांटमची प्रत्येक शक्यता संभाव्यतेसारखं वजन घेऊन येते आणि संगणकाला फासे टाकून नमुने काढता येतात. यालाच मॉन्टे कार्लो म्हणतात. ब्रुकहेवनमध्ये मायकेल क्रॉइट्झ यांनी १९७९-८० च्या सुमारास हे पहिल्यांदा चालवून दाखवलं.

मी दोन महिने रोज रात्री यावर बसले. आधी दोन मितींत, सर्वांत साध्या यू(१) गटाचा प्रोग्रॅम लिहिला, ज्यात रेघेवर मॅट्रिक्सऐवजी नुसता एक कोन असतो. मग चार मितींत एसयू(२), म्हणजे २ × २ चे मॅट्रिक्स, ८ ठिपक्यांच्या बाजूची जाळी. बीटा (जोडणी ठरवणारा आकडा, तो जितका मोठा तितकी जोडणी दुबळी) १ ठेवल्यावर चौकटीची सरासरी ०.२४ आली, पुस्तकी गणिताशी जुळणारी. त्या रात्री झोप लागली नाही.

आता प्रश्न. इथून प्रोटॉनपर्यंत किती अंतर आहे? आणि मधे नेमकं काय अडतं?

शंकेखोर

सुंदर लिहिलंय. रांगोळीची उपमा चपखल बसली.

पण मूळ शंका विचारतो. अवकाश खरंच ठिपक्यांचं आहे असं कोणी म्हणत नाही. जाळीला उभी-आडवी दिशा असते, निसर्गाला नसते. ठिपके जवळ आणले तर उत्तर बदलणार, लांब नेले तरी बदलणार. मग आलेला आकडा निसर्गाचा की तुमच्या जाळीचा?

आडवाट

मी याच विषयात जर्मनीत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शंकेखोर यांचा प्रश्न हाच या विषयाचा कणा आहे.

एकाच जाळीवर आलेला आकडा आम्ही निसर्गाचा मानत नाही. तीन-चार वेगवेगळ्या अंतरांच्या जाळ्या घेतो, समजा ०.०९, ०.०६ आणि ०.०४ फेमटोमीटर. (प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेमटोमीटर आहे, म्हणजे प्रमाण लक्षात येईल.) प्रत्येकीवर उत्तर काढतो आणि अंतर शून्याकडे नेलं तर रेषा कुठे टेकते ते बघतो. तो टेकलेला बिंदू म्हणजे उत्तर. जाळीच्या दिशांचा परिणाम याच वाटेवर विरून जातो.

आता जी गोष्ट मला स्वतःला विद्यार्थी असताना सर्वांत उशिरा समजली ती सांगतो. जाळीचं अंतर आपण संगणकाला देतच नाही! सांदीकोपरा यांनी प्रोग्रॅममध्ये फक्त बीटा दिला. मीटर, फेमटोमीटर, एमईव्ही यांतलं संगणकाला काहीच ठाऊक नसतं. त्यातून बाहेर येतात ते निव्वळ एककहीन आकडे, उदाहरणार्थ 'कणाचं वस्तुमान गुणिले जाळीचं अंतर बरोबर ०.४'. मग आपण एक कण निवडतो ज्याचं वस्तुमान प्रयोगातून पक्कं ठाऊक आहे. पुष्कळदा ओमेगा बॅरिऑन (अप-डाऊनपेक्षा जड अशा तीन स्ट्रेंज क्वार्कांचा कण) घेतात, १६७२ एमईव्ही. त्या एका कणावरून जाळीचं अंतर ठरवतो. तो कण खर्ची पडला, त्याचं भाकीत करण्याचा हक्क गेला. क्वार्कांची वस्तुमानं ठरवायला आणखी दोन-तीन कण खर्ची पडतात, पायॉन आणि केऑन (क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे हलके कण). त्यानंतर जे काही येईल, प्रोटॉनसुद्धा, ते फुकटात मिळालेलं नसतं आणि हाताने बसवलेलंही नसतं. तिथे सिद्धांताची खरी परीक्षा होते.

म्हणून कोणी 'लॅटिसवर अमुक आकडा आला' म्हटलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो : अंतर शून्याकडे नेलंत का, डबा, म्हणजे अख्खी जाळी, पुरेसा मोठा होता का, आणि पायॉन खऱ्या वजनाचा होता का. या तिघांच्या चुका वेगवेगळ्या मोजून आकड्याशेजारी लिहिल्या असतील तरच तो आकडा माझ्या लेखी आकडा.

रानजाई

मी संगणक क्षेत्रातली, भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं. पण साठवणुकीचा हिशेब केल्याशिवाय मला राहवेना.

जाळी ६४ × ६४ × ६४ × १२८ धरली तर ठिपके ३,३५,५४,४३२. प्रत्येकामागे चार रेघा, म्हणजे १३ कोटी ४२ लाख. एका मॅट्रिक्समध्ये ९ संमिश्र संख्या, म्हणजे १८ दशांश आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे १४४ बाइट. सगळं मिळून १९ जीबीच्या थोडं वर. हे तर आज बऱ्या लॅपटॉपवरही मावतं. मग महासंगणक कशाला लागतात?

आडवाट

रानजाई, हिशेब बिनचूक आहे. ग्लुऑन खरोखरच लॅपटॉपवर मावतात. अडतं ते क्वार्कांपाशी.

क्वार्क हे फर्मिऑन. फासे टाकून त्यांचे नमुने काढता येत नाहीत, कारण त्यांचे 'आकडे' आपल्या नेहमीच्या गणितातले नसतात, अदलाबदल केली की चिन्ह पालटतं. त्यामुळे त्यांना आधी कागदावरच काढून टाकतात आणि बदल्यात एका अवाढव्य मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट गळ्यात पडतो. तुमच्याच जाळीवर प्रत्येक ठिपक्याचे १२ घटक धरले तर त्या मॅट्रिक्सची बाजू ४० कोटींच्या वर. तो उघड काढणं अशक्य. म्हणून त्याच्या जागी रेषीय समीकरणं सोडवत बसतो, हजारो वेळा. आणि क्वार्क जितका हलका तितकं ते समीकरण सुटायला हट्टी. निसर्गातले अप-डाऊन तर अगदीच हलके.

सुरुवातीची कितीतरी वर्षं लोकांनी नाइलाजाने तो डिटर्मिनंट १ धरला, म्हणजे निर्वात पोकळीत क्षणभर उमटून विरणाऱ्या क्वार्क-जोड्या सरळ गाळल्या. आकडे प्रयोगाच्या दहा टक्क्यांच्या आसपास यायचे, पण चूक किती आहे हे आतून कळायला मार्ग नव्हता. २००१ मध्ये बर्लिनला या विषयाची वार्षिक परिषद झाली. खऱ्या वजनाच्या क्वार्कांसाठी किती गणनशक्ती लागेल याचे तिथे मांडलेले अंदाज इतके निराशाजनक होते की लोक त्याला 'बर्लिनची भिंत' म्हणू लागले.

ती भिंत फोडण्यात नुसत्या मोठ्या यंत्रांपेक्षा चांगल्या पद्धतींचा वाटा मोठा, असं माझं ठाम मत आहे. हट्टी समीकरणाचे तुकडे पाडून हळू आणि जलद भाग वेगळे चालवणं, वेगवेगळ्या जाडीच्या जाळ्यांवर तेच समीकरण सोडवणं, अशा युक्त्यांनी काही वर्षांत खर्च कैक पटींनी खाली आला. यंत्रांची गोष्टही रंजक आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने या एका विषयासाठी स्वतःचे संगणक बांधले आणि त्यांतला अनुभव पुढे आयबीएमच्या ब्लू जीनमध्ये उतरला. खेळांसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डं गणिताला जुंपण्यातही ही मंडळी आघाडीवर होती, २००६ पासूनच.

आता सांदीकोपरा यांचा प्रोटॉन. शून्य क्षणाला जाळीवर प्रोटॉनचे गुण असलेली तीन क्वार्कांची जुळणी पेरायची आणि काही पावलांनंतर ती गोळा करायची. हा काल्पनिक काळ असल्यामुळे मिळणारा संकेत वस्तुमानाच्या हिशेबाने घातांकी उतरतो. उतार मोजला की वस्तुमान हातात. ऐकायला सोपं. पण संकेत उतरतो त्यापेक्षा आवाज (नमुन्यांतला यादृच्छिक गोंधळ) सावकाश उतरतो, कारण आवाजाला प्रोटॉनऐवजी तीन पायॉन दिसतात. दर फेमटोमीटरला संकेत आणि आवाजाचं गुणोत्तर सुमारे ४० पटींनी घसरतं. म्हणजे तेवढंच स्वच्छ दिसायला नमुने १६०० पट हवेत. आम्ही आयुष्य घालवतो ते या उताराच्या सपाट तुकड्यावर, जिथे वरच्या पातळ्या विझलेल्या असतात आणि आवाज अजून वाढलेला नसतो. तो तुकडा अरुंद असतो आणि 'इथून इथपर्यंत सपाट आहे' म्हणण्याचा मोह फार मोठा असतो.

सांदीकोपरा

आडवाट, हे वाचून माझ्या ०.२४ च्या आनंदाला खाली केवढी दरी आहे ते समजलं. तरीही विचारते, प्रोटॉनचा आकडा शेवटी आला का?

आडवाट

आला. २००८ मध्ये बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल गटाने हलक्या हॅड्रॉनांची (क्वार्कांपासून बनलेल्या कणांची) सगळी रांगच मांडली. प्रोटॉन-न्यूट्रॉनचं सरासरी वस्तुमान ९३६ एमईव्ही, सांख्यिकी चूक २५ आणि पद्धतीची २२. प्रयोगातलं ९३९. २०१५ मध्ये त्याच परिवाराने न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किती जड हे काढलं : सुमारे १.५ एमईव्ही, चुकीच्या पट्ट्यात प्रयोगातला १.२९३ बसतो. हा फरक हजारात दीडच, पण तो उलटा असता तर हायड्रोजनचा अणू टिकला नसता. मला स्वतःला हा निकाल पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, कारण त्यात विद्युतचुंबकीय बलही जाळीवर आणावं लागलं.

आणि तुमच्या 'नव्याण्णव टक्क्यां'बद्दल : २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने प्रोटॉनच्या वस्तुमानाची वाटणी केली. क्वार्कांच्या वस्तुमानाशी निगडित भाग ९ टक्के (हा तुमच्या एक टक्क्यापेक्षा जास्त, कारण यात पोकळीतल्या जोड्या आणि स्ट्रेंज क्वार्कही येतात), क्वार्कांच्या हालचालीची ऊर्जा ३२, ग्लुऑनांची ३६, आणि उरलेले २३ टक्के क्वांटम परिणामातून, ज्याला अभिजात भौतिकीत जोडीदारच नाही.

निवृत्तमास्तर

चाळीस वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. 'केंद्रकीय बल' हा धडा मी युकावापासून (पायॉनच्या देवाणघेवाणीतून हे बल येतं हा त्यांचा सिद्धांत) सुरू करायचो आणि युकावापाशीच संपवायचो. हा धागा वाचताना वही घेऊन बसलो आहे.

आडवाट, एक विचारू का? तुम्ही जे सांगितलं ते क्वार्कांमधलं बल. मी शिकवायचो ते प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं. दूर असताना आकर्षण, फार जवळ आले की प्रतिकर्षण. ते जाळीतून निघतं का?

आडवाट

मास्तरकाका, तुमचा तो आलेखच २००७ मध्ये जपानच्या इशी, आओकी आणि हात्सुदा यांनी जाळीतून काढून दाखवला. आत कठीण गाभा, बाहेर आकर्षणाची खोबण. मात्र त्यात डिटर्मिनंट १ धरलेला होता आणि पायॉन ५३० एमईव्हीचा, म्हणजे खऱ्याच्या जवळपास चौपट जड. आकार बरोबर, आकडे नव्हेत.

खऱ्या आकड्यांची वाट अजून अवघड आहे. ड्यूटेरॉनची, म्हणजे बांधलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीची, बंधनऊर्जा २.२ एमईव्ही आणि दोन न्यूक्लिऑनांचं (प्रोटॉन-न्यूट्रॉनचं) वस्तुमान १८७८. हत्तीचं वजन दोनदा करून त्याच्या पाठीवरच्या माणसाचं वजन काढण्यासारखं. जड पायॉनांच्या जगात दोन न्यूक्लिऑन बांधले जातात की नाही यावर दोन पद्धतींची उत्तरं चक्क उलटी येत होती. आधी सांगितलेला सपाट तुकड्याचा मोह इथेच बाधला असावा, असं नव्या गणनांवरून दिसतंय.

पण दुसरी एक वाट आहे आणि ती तुम्हाला आवडेल. क्वार्कांना न शिवता सरळ प्रोटॉन-न्यूट्रॉनच ठिपक्यांवर ठेवायचे आणि त्यांच्यातलं बल प्रयोगावरून बसवायचं. ठिपक्यांमधलं अंतर जवळजवळ २ फेमटोमीटर, म्हणजे जाळी भरड. यातून एपेलबाउम, क्रेब्स, ली आणि माइसनर यांनी २०११ मध्ये कार्बन-१२ ची हॉइल अवस्था काढली.

निवृत्तमास्तर

हॉइल अवस्था! कार्बनच्या मूळ पातळीच्या वर ७.६५ एमईव्ही. ती नसती तर ताऱ्यांत पुरेसा कार्बन शिजला नसता, हे फ्रेड हॉइल यांनी प्रयोगाआधी सांगितलं होतं. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. नारळीकरांच्या लेखनामुळे हे नाव मराठी घरांत पोहोचलं. ती पातळी आता जाळीवरून निघते हे त्यांच्या वाचकांना कळायलाच हवं.

शंकेखोर

माझ्या शंकेचं समाधान झालं, विशेषतः 'एक कण खर्ची पडतो' या मुद्द्याने. आणखी एक : या पद्धतीला न जमणारं काय?

आडवाट

जिथे शक्यतेचं संभाव्यतेसारखं वजन ऋण किंवा संमिश्र होतं तिथे फासे टाकता येत नाहीत. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातलं दाट द्रव्य, किंवा टक्कर होताना खऱ्या काळात काय घडतं ते, दोन्ही या अडचणीत सापडतात. तापमान वाढवणं जमतं : १५६ एमईव्हीच्या आसपास प्रोटॉन वितळून क्वार्क-ग्लुऑनांचा रस्सा होतो, हे पक्कं ठाऊक आहे. घनता वाढवणं जमत नाही. या कोंडीला वळसा घालायचा एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) झाला. राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी शून्य घनतेपाशीच उत्तराची टेलर मालिका काढून त्यावरून क्रांतिक बिंदूचा (जिथून पुढे हे वितळणं पाणी उकळावं तसं एकदम होतं) अंदाज बांधला, २००५ चा तो शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे. त्याच संस्थेत नीलमणी माथुर यांचा गट जड क्वार्कांच्या कणांची भाकितं करतो. आणि या विषयाची वार्षिक परिषद २००० साली बंगळूरला भरली होती.

क्वांटम संगणकावर खऱ्या काळाचं गणित करायचे प्रयत्नही चालू आहेत. २०१६ मध्ये इन्सब्रुकला चार आयनांवर एका मितीतला खेळण्यातला सिद्धांत चालवला. तिथून प्रोटॉन फार लांब आहे.

कोकणकडा

मी टी.वाय.ला आहे. सांदीकोपराताई, तुमचं वाचून दोन मितींचा यू(१) प्रोग्रॅम लिहिला. १६ × १६ ची जाळी, बीटा १. प्रत्येक रेघेवर एक कोन. कोन थोडा हलवायचा, रेघेच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी किती बदलल्या ते बघायचं, आणि संभाव्यतेने स्वीकारायचं. तीन दिवस झाले, चौकटीची सरासरी ०.२४२ येते. ताई म्हणतात तसं नेमकं उत्तर पुस्तकात आहे, पण ते ०.४४६ आहे. नमुने दहापट केले तरी ०.२४२ च. कुठे चुकतंय?

सांदीकोपरा

नमुने वाढवून आकडा हलत नाही म्हणजे आवाजाचा दोष नाही, नियमातच काहीतरी आहे. स्वीकारण्याची ओळ इथे टाकशील का?

निवृत्तमास्तर

थांबा, मला प्रोग्रॅम वाचता येत नाही, पण बेसेल फल येतं. दोन मितींत हे उत्तर म्हणजे पहिल्या आणि शून्याव्या सुधारित बेसेल फलांचं गुणोत्तर. बीटा १ ला वहीत काढलं : ०.५६५२ भागिले १.२६६१, म्हणजे ०.४४६४. मग बीटा निम्मा, ०.५, घालून पाहिला : ०.२५७९ भागिले १.०६३५, म्हणजे ०.२४२५.

बाळा, तुझा प्रोग्रॅम अगदी बरोबर चालतोय. फक्त त्याला बीटा अर्धाच पोहोचतोय. दोन चौकटींतला बदल घेताना कुठे दोनने भागलंयस का?

कोकणकडा

हो!! रेघ दोन चौकटींत वाटलेली आहे म्हणून मी दोघींची सरासरी घेतली होती. बेरीज घ्यायला हवी होती. काका, तुम्ही प्रोग्रॅम न बघता ओळखलंत.

आडवाट

मास्तरकाका, आमच्याकडे नव्या विद्यार्थ्यांना आम्ही नेमकं हेच शिकवायला धडपडतो. चुकलेला आकडासुद्धा काहीतरी सांगत असतो, तो कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे ते शोधायचं.

सांदीकोपरा

दरम्यान माझ्याकडे एसयू(३), म्हणजे खऱ्या प्रबळ बलाचे ३ × ३ मॅट्रिक्स, चालू झालं. ८ च्या बाजूची चौमिती जाळी, बीटा ६. आडवाट यांनी व्यनितून आधीच सांगून ठेवलं होतं की मोठ्या जाळीवर ०.५९३७ येतं. माझा ०.५९४ आला. क्वार्क अजून नाहीत, प्रोटॉन तर नाहीच. आता डिटर्मिनंट १ धरून पायॉनचा उतार मोजायला घेते, लॅपटॉपला जमेल तेवढा. दिसलं ते इथेच टाकीन.

कोकणकडा

रात्रभर चालवला. ०.४४५९, चूक ०.०००६. काका, तुमच्या वहीतला आकडा आत बसतो.